वाटेने दिलेली नावे
(अमरावती व अकोला येथील दरवाजे, पुरे आणि चौक यांच्या नावांचा अल्प परिचय)

वऱ्हाडात देवदर्शनासाठी येणाऱ्या भाविकांना स्थानकावर उतरताच पहिली अडचण येते ती रस्त्याच्या नावाची. हातातील पत्त्यावर एक नाव असते, ऑटोरिक्षावाला दुसरे नाव घेतो आणि कोपऱ्यावरील पाटीवर तिसरेच लिहिलेले असते. संस्थानच्या चौकशी खिडकीवर याबाबत वरचेवर विचारणा होते. नुसता रस्ता सांगून भाविकांची सोय होते, परंतु त्या नावामागील हकीकत सांगितल्यास गावाची ओळखही होते. या हेतूने प्रस्तुत लेख या पुस्तिकेत समाविष्ट केला आहे.

लेखाचा विषय थोडक्यात असा. जुन्या शहरातील बहुतेक नावे कोणी समारंभपूर्वक ठेवलेली नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी, माल विकणाऱ्यांनी व विकत घेणाऱ्यांनी ती वापरली आणि ती रूढ झाली. जे नाव वाट दाखवण्यास उपयोगी पडले ते टिकले. ज्याने बांधकामास पैसा दिला त्याचे नाव मात्र पुष्कळदा शिलालेखातच राहिले.

शहराचे नाव

अमरावती या नावाची एक व्युत्पत्ती ‘उदुंबरावती’ या प्राचीन नावापासून सांगितली जाते. उंबराच्या झाडांची ही भूमी. उदुंबरावतीचे उंबरावती, आणि उंबरावतीचे उच्चाराच्या ओघात अमरावती झाले, असे हे मत आहे. श्री अंबादेवीच्या वास्तव्यामुळे हे नाव आले, असे मानणारे भाविकही पुष्कळ आहेत. पुराणातील इंद्रनगरीचे नावही अमरावतीच असल्यामुळे लोकांच्या तोंडी ते सहज बसले असावे. सन १७२२ मध्ये छत्रपती शाहू महाराजांनी अमरावती व बडनेरा ही गावे राणोजी भोसले यांना दिली. त्या काळी या गावास ‘भोसले की अमरावती’ असे म्हणत. पुढे भोसल्यांची सत्ता गेली आणि नावातील ‘भोसले की’ हे शब्दही गळून पडले. सत्तेचे शब्द गळावेत व गावाचे नाव राहावे, हा प्रकार या लेखात पुन्हा पुन्हा आढळेल.

परकोट व त्याचे पाच दरवाजे

डिसेंबर १८०३ मध्ये देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांना वऱ्हाडावरील हक्क सोडावा लागला आणि हा प्रदेश निजामाकडे गेला. अमरावती त्या वेळीही कापसाच्या व्यापाराचे संपन्न ठिकाण होते, आणि जेथे संपत्ती तेथे पेंढाऱ्यांची धाड ठरलेली. त्यांच्यापासून सावकार व व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून निजाम सरकारने सन १८०७ मध्ये गावाभोवती दगडी परकोट बांधण्यास आरंभ केला. या तटाचा घेर सुमारे सव्वादोन मैल (साडेतीन किलोमीटरहून थोडा अधिक) आणि उंची २० ते २६ फूट. त्यास पाच दरवाजे व चार खिडक्या ठेवण्यात आल्या. परगावच्या भाविकांसाठी खुलासा असा की, येथे खिडकी म्हणजे भिंतीतील झरोका नव्हे. माणसांच्या ये-जा करण्यापुरत्या तटातील लहान दरवाजाला खिडकी म्हणतात.

पाच दरवाजांची नावे अशी : अंबा, नागपुरी, खोलापुरी, महाजनपुरी व भुसारी.

ही नावे लक्षपूर्वक पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. परकोट बांधला निजाम सरकारने, परंतु एकाही दरवाजास निजामाचे, त्याच्या दिवाणाचे अथवा सुभेदाराचे नाव नाही. अंबा दरवाजा श्री अंबादेवीच्या दिशेचा. नागपुरी दरवाजा नागपूरच्या वाटेचा. खोलापुरी दरवाजा पश्चिमेकडील खोलापूर या जुन्या व्यापारी गावाच्या वाटेचा. महाजनपुरी दरवाजा महाजनपुऱ्याचा. भुसार म्हणजे धान्य आणि भुसारी म्हणजे धान्याचा व्यापारी, तेव्हा त्या दरवाजाच्या नावात धान्याचा व्यापार आहे.

अंबा दरवाजाचे नाव विशेष मननीय आहे. राज्यकर्ता मुसलमान, तट लष्करी गरजेचा, आणि दरवाजास नाव मात्र देवीचे. याचे कारण अगदी साधे आहे. त्या दरवाजातून लोक देवीच्या दर्शनाला जात होते. श्रीकृष्णाने रुक्मिणीचे हरण येथील अंबादेवीच्या मंदिरातून केले, अशी परंपरेची श्रद्धा आहे. वर्धा नदीकाठचे कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर. आजच्या अमरावतीतील रुक्मिणीनगर या वस्तीच्या नावातही तीच कथा जागी आहे.

नागपुरी दरवाजाच्या नावामागे फार मोठी वाट दडलेली आहे. रेल्वे येण्यापूर्वी अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून नागपूरमार्गे उत्तरेकडे, गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. सन १८४२ मध्ये एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैलांवर लादलेला कापूस कलकत्त्याकडे रवाना केला, असे सांगितले जाते. शेकडो मैलांच्या या वाटेची सुरुवात ज्या दरवाजातून होई, त्याला लोक दुसरे काय म्हणणार? सन १८६७ मध्ये भुसावळहून नागपूरला जाणारा लोहमार्ग पूर्ण झाला. तो बडनेऱ्यावरून गेला आणि बैलांचे तांडे थांबले. वाट बदलली, तरी दरवाजाचे नाव बदलले नाही.

भुसारी दरवाजाचे मात्र नामांतर झाले. पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या नावाने तो जवाहर गेट झाला आणि हे नवे नाव लोकांनीही स्वीकारले. आज बाजारात कोणीही जवाहर गेट सांगेल, परंतु भुसारी दरवाजा विचारल्यास एखाद्या वृद्ध गृहस्थाचाच शोध घ्यावा लागेल. नामांतर लोकांच्या गळी उतरतच नाही, असा समज म्हणूनच योग्य नाही. ज्या नेत्याविषयी लोकांच्या मनात प्रेम असते, त्याचे नाव पाटीवरून तोंडातही येते.

चार खिडक्या

खिडक्यांची नावे पटेल, माता, छत्रपुरी व खुनारी अशी आहेत. यांपैकी शेवटचे नाव ऐकून नवखा मनुष्य दचकतो, आणि त्याचे दचकणे अनाठायी नाही. सन १८१८ च्या सुमारास या खिडकीजवळ मोठी मारामारी होऊन सुमारे ७०० माणसे प्राणास मुकली, आणि तेव्हापासून ती ‘खुनारी’, म्हणजे रक्तपाताची खिडकी झाली, अशी जुनी नोंद आहे.

त्या ७०० जणांची नावे सर्वसामान्य लोकांना ठाऊक नाहीत. ते कोणत्या जातीचे, कोणत्या धर्माचे होते हेही आज कोणी विचारीत नाही. परंतु गावाने त्या जागेचे नाव गोड करून घेतले नाही. दोनशे वर्षे त्या वाटेने भाजी आणणाऱ्या, शाळेत जाणाऱ्या व देवदर्शनाला निघालेल्या माणसांच्या तोंडून त्या मृतांचे एका शब्दात स्मरण होत आले आहे. जुने नाव कधी कधी स्मारकाचे काम करते, ते असे. अशा नावाला अशुभ म्हणून ते पुसून टाकावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. तरीही ते पुसले तर त्या माणसांची उरलेली एवढीशी खूणही जाईल, हे ध्यानात घ्यावे.

पुरा, साथ, गंज व वार

दरवाजातून आत अथवा बाहेर पाऊल टाकले की नावांच्या शेवटी येणारे काही शब्द वारंवार कानी पडतात. त्यांचा अर्थ माहीत असल्यास निम्मे शहर समजते.

पुरा म्हणजे वस्ती. हमालपुरा व चपराशीपुरा ही नावे कष्टकऱ्यांच्या व्यवसायावरून आली आहेत. शहरातील पाठीवर ओझी वाहणाऱ्यांचे व कचेरीत निरोप्याचे काम करणाऱ्यांचे नाव नकाशावर आले, आणि त्यासाठी कोणास ठराव करावा लागला नाही. साबणपुऱ्याची गोष्ट निराळी. या वस्तीचे पूर्वीचे नाव मगर औरंगपुरा होते आणि बादशहा औरंगजेबाने ती जामा मशिदीसाठी दिली, असे सांगतात. बादशहाचे नाव मागे पडले. आज सर्वजण साबणपुराच म्हणतात.

साथ हा शब्द परगावच्या लोकांस सोबत अथवा रोगाची साथ या अर्थाने परिचित असतो. अमरावतीच्या दहीसाथ व सक्करसाथ या नावांत मात्र तो बाजाराच्या जागेसाठी आला आहे. दही कोठे मिळे व साखर कोठे मिळे, हे त्या नावातच सांगितलेले आहे. गंज हाही बाजारपेठेचाच शब्द. अमरावतीत रतनगंज व मसानगंज, तर अकोल्यात लक्कडगंज आहे.

वारांवरून पडलेली नावे पुणेकर भाविकांना ओळखीची वाटतील. पुण्यात बुधवार पेठ, शुक्रवार पेठ आहे. अमरावतीत बुधवारा आणि इतवारा आहे. येथे ‘रविवार’ न म्हणता ‘इतवार’ म्हटले गेले, याकडे लक्ष द्यावे. वऱ्हाडच्या बाजाराची भाषा निव्वळ मराठी कधीच नव्हती. माळव्याचे, राजस्थानचे, गुजरातचे व्यापारी, हैदराबादकडील अंमलदार आणि येथील शेतकरी ज्या मिश्र बोलीत व्यवहार करीत, तिची छाप इतवारा या एका शब्दावर दिसते.

छावणीची व साहेबांची नावे

सन १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. परकोटाबाहेर साहेबांचे बंगले, कचेऱ्या व इस्पितळे उभी राहिली. तो भाग आजही कॅम्प म्हणून ओळखला जातो. वर उल्लेखिलेला चपराशीपुरा याच बाजूस आहे, यावरून त्या नावाचा उलगडा व्हावा. फ्रेजरपुरा हे नाव तर दोन भाषांचा संगमच आहे. आडनाव इंग्रजी, आणि पुढे आपला पुरा.

इर्विन रुग्णालयाचे नाव सन १९२६ ते १९३१ या काळातील व्हाइसरॉय लॉर्ड इर्विन यांच्यावरून, तर डफरीन रुग्णालयाचे नाव लेडी डफरीन यांच्यावरून पडले. लेडी डफरीन यांनी सन १८८५ मध्ये भारतीय स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीसाठी निधी उभारला होता. जिल्हा सामान्य रुग्णालय व जिल्हा स्त्री रुग्णालय ही सरकारी नावे कागदावर आहेत, परंतु खेड्यातून आलेली बाई आजही सुनेला ‘डफरीनमध्ये’ नेते. तिला व्हाइसरॉयच्या पत्नीशी काही कर्तव्य नाही. तिच्या लेखी डफरीन म्हणजे बाळंतपण सुखरूप होण्याची जागा.

इर्विन चौकात भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा पुतळा आहे. या चौकाचा उल्लेख करताना भाविकांनी एक इतिहास जाणून घेणे आवश्यक वाटते. दिनांक १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात डॉ. आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाड प्रांतिक अस्पृश्य परिषद भरली. अंबादेवीचे मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुले व्हावे, हा प्रश्न त्या परिषदेपुढे होता. त्याच आंदोलनात डॉ. पंजाबराव देशमुख यांनीही पुढाकार घेतला होता. अंबा दरवाजातून सर्वांना जाता येत होते. देवीच्या गाभाऱ्यासमोर मात्र सर्वांना उभे राहता येत नव्हते. आज आपण ज्या रांगेत सहजपणे उभे राहतो, ती रांग सर्वांची व्हावी म्हणून या शहरात चळवळ करावी लागली. कोणी इर्विन चौक म्हणो अथवा डॉ. आंबेडकरांचे नाव घेवो, तेथून जाताना एवढे स्मरण असावे.

अकोल्याच्या वेशी

अमरावतीहून अकोल्यास जाणाऱ्या भाविकांना तेथेही हाच प्रकार दिसेल. फरक एवढाच की अमरावतीत दरवाजा म्हणतात, अकोल्यात वेस म्हणतात.

अकोला हे नाव अकोलसिंग नावाच्या मूळ पुरुषावरून पडले, अशी परंपरा आहे. औरंगजेबाच्या काळात हे गाव वजीर असदखान यांच्या जहागिरीत होते. ख्वाजा अब्दुल लतीफ यांनी सन १६९७ च्या सुमारास येथे मोर्णा नदीच्या काठी तटबंदी उभारली आणि असदखानाच्या नावाने तो किल्ला असदगड झाला. सन १८७० च्या सुमारास इंग्रजांनी त्याचा बराच भाग पाडला. असदगड हे नाव आज इतिहासाच्या पुस्तकांत अधिक व बोलण्यात कमी आढळते. लोकांच्या बोलण्यात आहेत त्या दहीहंडा वेस आणि अगर वेस.

दहीहंडा वेस म्हटले की परगावच्या भाविकास गोकुळाष्टमीची दहीहंडी आठवते. प्रत्यक्षात दहीहंडा हे अकोल्याच्या उत्तरेस असलेले गाव आहे आणि वेस त्या गावच्या वाटेवर आहे. नावांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा धडा घ्यावा. अमरावतीच्या दहीसाथीत दही खरोखरच बाजाराचा माल आहे. अकोल्याच्या दहीहंडा वेशीत मात्र वाटेवरचे गाव आहे. कानाला सारखे वाटते म्हणून अर्थ सारखाच असेल, असे मानू नये. प्रथम ती वाट कोठे जाते ते पाहावे.

अगर वेस ही अगर या गावच्या वाटेची. तिच्यावर एक मराठी लेख असून, गोविंद आप्पाजी यांनी सन १८४३ मध्ये किल्ला बांधला, असे त्यात कोरलेले आहे. इतर लेख त्याहून कितीतरी जुने असल्याने हे विधान त्यांच्याशी जुळत नाही. ते कसेही असो, नाव दगडात कोरलेले आहे, वाचता येते, आणि तरीही त्या वेशीला कोणी गोविंद आप्पाजींची वेस म्हणत नाही. वेस अगरचीच राहिली.

अकोल्यात फैल हा शब्दही ऐकू येईल. वऱ्हाडात फैल म्हणजे वस्ती. अकोट फैल ही अकोटच्या रस्त्याकडील वस्ती. श्रावणातील शेवटच्या सोमवारी गांधीग्राम येथील पूर्णा नदीचे जल कावडीने आणून श्री राजराजेश्वरास अभिषेक करतात, ती कावडयात्रा याच अकोट रस्त्याने येते. गांधीग्रामचे जुने नाव वाघोली. येथेही जुने व नवे नाव दोन्ही चालतात.

टॉकीजचे व स्वातंत्र्याचे चौक

विसाव्या शतकात दरवाजा व वेस यांची जागा चौकांनी घेतली. अमरावतीत राजकमल चौक, प्रभात चौक, चित्रा चौक, श्याम चौक, सरोज चौक अशी नावे कानी पडतील. ही सर्व चित्रपटगृहांची नावे होत. मंदिराच्या पुस्तिकेत सिनेमाचा उल्लेख काहींना विशोभित वाटेल, परंतु नियम तोच आहे. जेथे लोक जमत, जेथे भेटण्याची वेळ ठरे, तेथले नाव रूढ झाले. एकपडदा चित्रपटगृहांचा काळ ओसरला आहे, पण चौक त्याच नावाने ओळखले जातात.

जयस्तंभ चौक अमरावतीप्रमाणे विदर्भातील इतर अनेक गावांतही आहे. हे स्तंभ १५ ऑगस्ट १९४७ च्या स्वातंत्र्याच्या स्मरणार्थ उभारले गेले. छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्यामुळे मालटेकडी शिवटेकडी झाली, आणि येथे दोन्ही नावे सुखाने एकत्र नांदतात.

नाव कोणाचे राहते?

संस्थानच्या कार्यालयात देणगी देणारे अनेक सज्जन विचारतात की, पायरीवर अथवा खोलीवर आमच्या वडिलांचे नाव लागेल का? ही इच्छा अगदी योग्य आहे. नाव लावण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे, आणि त्या निमित्ताने पुढील पिढीलाही दानाची प्रेरणा होते. तथापि वरील सर्व हकीकत पाहता देणगीदारांपुढे एक विचार नम्रपणे ठेवावासा वाटतो. परकोट बांधणाऱ्याचे नाव दरवाजास मिळाले नाही. अगर वेशीवर नाव कोरूनही ते बोलण्यात आले नाही. ज्यांना लोकांची वाट मिळाली, तीच नावे टिकली. म्हणून नाव कोरताना त्या जागेचा लोकांना नित्य उपयोग होईल, हे आधी पाहावे. पाणपोईचे पाणी रोज भरले जाईल, धर्मशाळेची खोली रोज झाडली जाईल, अशी तरतूद असावी.

याचे मोठे उदाहरण अमरावतीतच आहे. गाडगेनगर येथे श्री संत गाडगे महाराजांची समाधी आहे. महाराजांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. हातात मातीचे गाडगे घेऊन ते गावोगाव फिरत, रस्ते झाडीत व कीर्तनातून लोकांना शहाणे करीत. त्यांनी यात्रेकरूंसाठी ठिकठिकाणी धर्मशाळा उभारल्या. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निर्वाण झाले. लोकांनी त्यांना त्या गाडग्यावरून नाव दिले. पुढे त्याच नावाने नगर वसले, आणि सन १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठासही नंतर तेच नाव देण्यात आले.

भाविकांसाठी सूचना

१) पत्ता लिहून घेताना पाटीवरील नाव व प्रचलित नाव अशी दोन्ही विचारून घ्यावीत. जवाहर गेट, इर्विन चौक, राजकमल चौक ही नावे रिक्षावाल्यास लगेच समजतात.

२) जुन्या शहरात शक्यतो पायी फिरावे. गल्ल्या अरुंद असून परकोटाचे उरलेले भाग व दरवाजे वाहनातून नीट दिसत नाहीत.

३) दरवाजे, तटाचे दगड व शिलालेख यांवर हळद-कुंकू, तेल अथवा रंग लावू नये, नावे कोरू नयेत.

४) एखाद्या ठिकाणाचे जुने नाव ठाऊक असलेली वयोवृद्ध व्यक्ती भेटल्यास दोन मिनिटे थांबून ते विचारावे व सोबतच्या मुलांना ऐकवावे. अशी नावे सांगणारी माणसे वर्षागणिक कमी होत आहेत, आणि ती गेल्यावर कोणत्याही पाटीवरून ती परत मिळणार नाहीत.